ज्योत दिसत नाही, खरं भट्टी पेटलेली आहे: ज्योतविरहित ज्वलनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव भागातल्या उद्यमबाग, मच्छे, निपाणी आणि हद्दीपलीकडचं शिनोळी इथल्या शेडांमध्ये फिरताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात, ते इथं एकत्र केलेत. बर्नरचं कॅटलॉग इंग्रजीत येतं, प्रदूषण मंडळाचा कागद कन्नडमध्ये येतो, आणि भट्टीपुढं उभा असलेला माणूस शेवटी मराठीत विचारतो, "म्हणजे नेमकं करायचं काय?" हे पान त्याच्यासाठी आहे. मी बर्नर विकत नाही, भट्ट्यांची देखभाल आणि ट्यूनिंग करतो. त्यामुळं काही ठिकाणी विक्रेत्यांना आवडणार नाही असंही लिहिलंय.

ज्योतच नाही, तर जळतंय कुठं?

सगळीकडं. हेच पचायला जड जातं. आपल्या डोळ्यांना सवय आहे ती स्टोव्हच्या निळ्या शेगडीची किंवा तेलाच्या बर्नरमधून भुसभुसत निघणाऱ्या पिवळ्या जिभेची. तिथं इंधन आणि हवा एका पातळ पडद्यापाशी भेटतात आणि सगळी उष्णता त्या पडद्यातच निघते. तो पडदा म्हणजेच ज्योत. ज्योतविरहित ज्वलनात इंधन आणि हवा यांची थेट गाठ पडण्याआधी दोघांतही भट्टीतलाच जळून गेलेला, तापलेला वायू भरपूर मिसळतो. मिश्रण इतकं पातळ होतं की एका जागी भडका उडू शकत नाही, आणि इतकं गरम असतं की विझूही शकत नाही. मग ते भट्टीच्या बऱ्याच मोठ्या भागात सावकाश, सारखं जळत राहतं. आत डोकावलं तर फक्त लालभडक विटा दिसतात. आवाजही उतरतो, कारण ज्योतीची ती फुरफुर राहत नाही. ऐकू येतो तो ब्लोअरचा आणि हवेच्या झोताचा.

पहिल्यांदा हे ज्यानं पाहिलं तो आमचा काकतीचा ऑपरेटर पाळी सोडून धावत आला होता: "बेंकी इल्ला, साहेब!" आग नाहीच म्हणाला. तापमान मोजणारं थर्मोकपल मात्र ९८० अंश दाखवत होतं. (या पानावरचे सगळे अंश सेल्सिअस आहेत.)

याला नेमकं नाव काय? प्रत्येक कॅटलॉगमध्ये वेगळंच असतं.

तीन नावं जास्त चालतात. जर्मन मंडळी 'फ्लॉक्स' म्हणतात, म्हणजे ज्योत नसलेलं ऑक्सिडीकरण. जपानी परंपरेत 'हायटॅक' म्हणतात, त्यात भर अतितप्त हवेवर आहे. संशोधकांच्या लिखाणात 'माइल्ड' हा शब्द रुळलाय. त्याची जी व्याख्या नेहमी दिली जाते ती कावालिएरे आणि दे जोआन्नोन या इटालियन संशोधकांनी २००४ मध्ये मांडली. मिश्रण आत येतानाच त्याचं तापमान आपोआप पेट घेण्याच्या तापमानापेक्षा जास्त हवं, आणि जळताना जी वाढ होते ती त्या पेट घेण्याच्या तापमानापेक्षा कमी हवी. दोन्ही आकडे केल्विनमध्ये मोजायचे. वाचायला किचकट आहे, पण अर्थ साधा: गरम होऊन या, आणि जळताना फार उसळू नका.

तिन्ही नावांमागं बारीक फरक आहेत. शेडमध्ये उभं राहून त्यावर वाद घालण्यात मला रस नाही.

हे शोधलं कोणी?

१९८९ मध्ये जर्मनीत व्यूनिंग नावाचे अभियंते रिक्युपरेटर (धुराच्या उष्णतेवर हवा तापवणारं साधन) लावलेला बर्नर तपासत होते. भट्टी १,००० अंशांवर, हवा ६५० अंशांपर्यंत तापवलेली. ज्योत दिसेना, ज्योत ओळखणारा यूव्ही सेलही गप्प. तरी इंधन पूर्ण जळत होतं, धुरात कार्बन मोनॉक्साइड नाममात्र, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. बर्नर बिघडला असं समजून त्यांनी तो बंद केला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. १९९७ मध्ये बापलेक व्यूनिंग यांनी यावर सविस्तर निबंध लिहिला, आजही तो वाचावा लागतो. त्याच सुमारास जपानमध्ये भट्ट्यांचं इंधन तीस टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट ठेवून मोठा सरकारी प्रकल्प चालू होता, त्यातून अतितप्त हवेचं तंत्र पुढं आलं.

आपल्या कर्नाटकाचाही यात वाटा आहे, आणि तो इथं फार कमी जणांना ठाऊक असतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुदर्शन कुमार, पी. जे. पॉल आणि एच. एस. मुकुंद यांनी कमी जागेत जास्त उष्णता देणारा, तरीही कमी प्रदूषण करणारा असा बर्नर बनवून २००२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हवा बाहेरून तापवायची गरज नव्हती. आतल्या आत वायू फिरवूनच ती स्थिती आणली होती.

हवा आधी तापवायचीच कशाला? गॅस जाळायचा तो हवा तापवायला का?

हवा गॅस जाळून तापवायची नाही, चिमणीतून फुकट चाललेल्या धुरावर तापवायची. किती फुकट जातं ते बघा. समजा भट्टी १,००० अंशांवर आहे आणि धूरही तेवढ्याच तापमानाला बाहेर पडतोय. नैसर्गिक वायूच्या १०० रुपयांच्या उष्णतेतले जवळपास ४९ रुपये धुराबरोबर निघून जातात. भट्टीच्या वाट्याला ५१, आणि त्यातूनच भिंतींची, दाराची गळती भागवायची.

आता त्याच धुरानं हवा ६०० अंशांपर्यंत तापवली तर सुमारे २४ रुपये परत आत येतात. वाट्याला ५१ ऐवजी ७५. म्हणजे पूर्वी जेवढ्या कामाला १०० चा गॅस लागायचा तेवढ्याला ६८ चा पुरतो. जवळपास तिसरा हिस्सा वाचला. भट्टी ८०० अंशांची असेल तर बचत याहून कमी, १,२०० ची असेल तर जास्त. घडाईच्या भट्टीवाल्यांनी म्हणूनच आधी कान टवकारावेत.

मग नुसता रिक्युपरेटर बसवला तर झालं की. ही पुढची भानगड कशाला?

इथंच खरी मेख आहे. गॅस वाचतो, पण धूर विषारी होतो.

मिथेन थंड हवेत जाळला तर ज्योतीचं कमाल तापमान साधारण १,९५० अंशांपर्यंत जातं. हवा १,००० अंशांना तापवून साध्या बर्नरला दिली तर तेच २,३०० च्या पुढं सरकतं. आणि हवेतला नायट्रोजन, जो एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसतो, तो एवढ्या तापमानाला ऑक्सिजनशी संग करतो. रशियन शास्त्रज्ञ झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात ही साखळी मांडली. तिची पहिली कडी सुटायला प्रचंड ऊर्जा लागते, त्यामुळं १,५०० अंशांखाली ती जवळपास झोपलेली असते. त्यावर गेलात की चढच चढ: १,८०० अंशांच्या आसपास दर चाळीस-पन्नास अंशांमागं वेग दुप्पट होतो असं धरायला हरकत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की भट्टीचं सरासरी तापमान किती यावर हे ठरत नाही. सगळ्यात तापलेल्या एका टोकावर ठरतं. कुंदा करताना दूध सतत ढवळावं लागतं, कारण कढईच्या बुडाला एका जागी लागलं की अख्ख्या कढईला वास लागतो. ज्योत म्हणजे ती लागलेली जागा. ज्योतविरहित ज्वलन म्हणजे अखंड ढवळणं.

साध्या भाषेत, हवा तापवण्यानं पैसे वाचतात आणि हवा पातळ करण्यानं नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) टळतो. दोन्ही एकत्र केल्याशिवाय दोन्ही मिळत नाहीत.

हवा 'पातळ' करायची म्हणजे पाणी घालायचं का?

(हा प्रश्न चेष्टेनं विचारतात, पण उत्तर गंभीर आहे.)

पातळ करायचं ते जळून गेलेल्या वायूनं. त्यात मुख्यतः नायट्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते, ऑक्सिजन थोडासाच. तो वायू भट्टीतच आहे. त्याला पुन्हा झोतात ओढून घ्यायचं एवढंच. त्यासाठी हवा एकाच पसरट तोंडातून न सोडता बारीक नळ्यांतून जोरात सोडतात, सेकंदाला शंभर मीटरच्या घरात. असा झोत आजूबाजूचा वायू ओढत पुढं जातो, जसा भरधाव बसमागं रस्त्यावरचा कचरा उडत जातो. इंधनाची नळी हवेच्या नळीपासून जरा लांब ठेवतात, म्हणजे दोघांची भेट होईपर्यंत दोघंही पुरेसे पातळ झालेले असतात.

किती ओढायला हवं? यासाठी एक गुणोत्तर वापरतात: झोतात ओढलेला जळका वायू भागिले आत सोडलेली हवा आणि इंधन. साध्या ज्योतीत हे अर्ध्याच्याही खाली असतं. त्याच्या वर गेलात तर मध्ये एक पट्टा लागतो जिथं ज्योत धड टिकत नाही, उडते, कार्बन मोनॉक्साइड सोडते. आणखी पुढं, तीनच्या आसपास आणि त्यावर, भट्टी पुरेशी गरम असेल तर, सगळं पुन्हा शांत होतं.

तीन धरून चहाच्या कागदावरचा हिशेब करू. एक भाग ताजं मिश्रण ६०० अंशांचं, तीन भाग जळका वायू १,००० अंशांचा. मिसळून सरासरी ९००. एरवी एका भागाचं तापमान १,९०० नं वाढवणारी उष्णता आता चार भागांत वाटली गेली, म्हणजे वाढ ४७५. एकूण १,३७५. झेल्दोविचच्या १,५०० च्या खाली. ऑक्सिजनही २१ वरून ६ टक्क्यांच्या आसपास आला. खरा हिशेब वायूंच्या उष्णताधारकतेनं थोडा हलतो, पण कल्पना यायला एवढं पुरे.

म्हणजे चिमणीतला धूर पाइपनं परत बर्नरला द्यायचा?

नाही. ती वेगळी पद्धत आहे, बॉयलरवाले वापरतात. तिथं धूर थंड होऊन बाहेरून फिरून येतो आणि ज्योत दिसतेच, फक्त मऊ होते. इथं सगळं आतल्या आत, गरमच.

रिक्युपरेटर घ्यायचा की रिजनरेटर?

रिक्युपरेटर म्हणजे एका बाजूनं धूर, दुसऱ्या बाजूनं हवा, मध्ये धातूची किंवा सिलिकॉन कार्बाइडची भिंत. हलते भाग नाहीत, ६००-७०० अंशांपर्यंत हवा तापते, देखभाल कमी. रिजनरेटरमध्ये बर्नरची जोडी असते. एक जळतो तेव्हा दुसऱ्याच्या सिरॅमिक जाळीतून धूर जाऊन ती तापते. मग काही सेकंदांत झडपा फिरतात आणि तापलेल्या जाळीतून हवा येते. हवा भट्टीच्या तापमानाच्या अगदी जवळ पोचते, त्यामुळं बचत जास्त. पण झडपा दिवसातून हजारो वेळा फिरतात, आणि धुरात धूळ, स्केल किंवा अॅल्युमिनियमच्या फ्लक्सची वाफ असेल तर जाळी चोंदते.

माझं मत: आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या, दिवसातून एक-दोन पाळ्या चालणाऱ्या भट्ट्यांना रिक्युपरेटर. चोवीस तास १,१०० च्या वर चालणारी भट्टी असेल आणि झडपांकडं बघणारा कुशल फिटर पगारावर असेल, तरच रिजनरेटर.

माझ्या भट्टीला हे चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे.

फौंड्रीत लोखंड वितळवायला तुम्ही विजेवरची इंडक्शन फर्नेस वापरत असाल तर तिथं ज्वलनच नाही, हे पान त्या भट्टीसाठी नव्हे. बेळगावच्या बऱ्याच फौंड्री तशाच आहेत. क्युपोला असेल तर तिथंही नाही, कोक थरात जळतो, त्याचं शास्त्र निराळं. पण त्याच फौंड्रीत कास्टिंगचं अॅनीलिंग किंवा ताण काढायची भट्टी गॅसवर चालत असेल तर तिचा विचार करा. ताण काढायचं तापमान साधारण ६०० च्या घरात असतं, तिथं ज्योतविरहित स्थिती टिकत नाही. ९०० च्या अॅनीलिंगला टिकते. लॅडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) तापवायच्या बर्नरला झाकण घट्ट बसत असेल तर शक्य, पण आपल्याकडं लॅडलवर झाकण क्वचितच घट्ट बसतं.

घडाईसाठी बिलेट (धातूचे ठोकळे) तापवणाऱ्या भट्ट्या सर्वांत योग्य. तापमान १,१५० ते १,२५०, धूर प्रचंड गरम, बचत मोठी. वर एक फायदा असा की भट्टीत तापलेला ठिपका राहत नाही, त्यामुळं ज्योतीसमोरचा बिलेट वितळायला आलाय आणि कोपऱ्यातला अजून कच्चा, हा नेहमीचा त्रास कमी होतो. गिअर आणि शाफ्टचं कार्बुरायझिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवणं) रेडियंट ट्यूबनं, म्हणजे आत गॅस जळणाऱ्या बंद नळीनं, होत असेल तर ट्यूबच्या आत चालणारे ज्योतविरहित बर्नर मिळतात, आणि ट्यूब एका जागी जळून भोक पडायचं प्रमाण घटतं. अॅल्युमिनियम वितळवणाऱ्या भट्टीत चालतं, जाळी चोंदण्याची गोष्ट वर सांगितलीच.

बॉयलरला नाही. बॉयलरच्या भिंतीत पाणी आहे, ती थंड. जळका वायू परत येईपर्यंत गारठतो आणि ती स्थितीच येत नाही. तिथं कमी नॉक्सचे वेगळे बर्नर असतात, ते बघा.

चिकोडी-निपाणीकडचे गुऱ्हाळवाले मामा विचारतात, आमच्या चुलवाणाला बसेल काय? नाही, मामा. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाड मूठमूठ टाकलं जातं, भट्टी उघडी, हवा नैसर्गिक ओढीनं येते. ज्योतविरहित स्थितीला बंद जागा आणि झोताचा जोर लागतो. तुमचा काळा धूर मुख्यतः ओल्या चिपाडाचा आणि हवा कमी पडण्याचा आहे. चिपाड नीट वाळवणं आणि वरून थोडी जास्तीची हवा देणं यानं तो कमी होईल, आणि चुलवाणापुढं बसलेल्या जळव्याचे डोळेही वाचतील. खानापूरकडच्या लाकडावरच्या कुंभारी आव्यांनाही हेच उत्तर.

थंड भट्टी कशी पेटवायची? ज्योत नको म्हणता, मग ठिणगी कुठं टाकायची?

सुरुवात ज्योतीनंच. बर्नरमध्ये दोन पद्धतींची सोय असते. भट्टी थंड असताना साधी ज्योत, यूव्ही सेलचा पहारा, सगळं नेहमीप्रमाणं. भट्टी सगळीकडं ८५० अंशांच्या वर गेली की इंधन दुसऱ्या नळीतून सोडतात आणि ज्योत नाहीशी होते. मिथेन हवेत ५४० अंशांच्या सुमाराला आपोआप पेटतो हे खरं, पण ते निवांत मोजमाप आहे. पातळ मिश्रणाला सेकंदाच्या छोट्या भागात, न चुकता पेटायचं असतं, म्हणून एवढी जास्तीची सोय.

इथं सुरक्षेचं बोलायलाच हवं. ज्योतविरहित स्थितीत यूव्ही सेलला काही दिसत नाही, म्हणून तो बर्नर बंद पाडतो. एका शेडमध्ये यावर कंटाळून सुपरवायझरनं सेलची वायरच जोडून टाकलेली मी पाहिली, म्हणजे सेलला कायम ज्योत दिसतेय असं पॅनेलला वाटावं. सोमवारी सकाळी थंड भट्टीत गॅस सुटला असता तर अडवणारं कोणी नव्हतं. मी तिथंच काम थांबवलं आणि आमचं वाजलंही. युरोपातल्या ईएन ७४६-२ या जुन्या मानकात भट्टी ७५० अंशांच्या वर असेल तर ज्योतीवरची नजर सोडता येते असं होतं, पण त्या बदल्यात तापमानाचा विश्वासार्ह इंटरलॉक (गॅस आपोआप तोडणारी सोय) हवा. तापमान खाली आलं की गॅस बंद, नाहीतर परत ज्योतीच्या पद्धतीवर. हा इंटरलॉक स्वतंत्र थर्मोकपलवर असावा, कंट्रोलच्या थर्मोकपलवर नको. वायर जोडणाऱ्याला घरी पाठवा.

कोणतं इंधन चालतं?

एलपीजी, पाइपचा नैसर्गिक वायू, दोन्ही उत्तम. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गॅसवाहिनी बेळगाव जिल्ह्यातूनच गेलीय, त्यामुळं पाइपच्या गॅसचा विषय आता आपल्याकडं हवेतला राहिला नाही. एलपीजीवरून त्यावर जाताना नळीची भोकं आणि दाब बदलावे लागतात. विक्रेता "तसंच चालतंय" म्हणाला तर त्याला लिहून द्यायला सांगा.

तेलानंही होतं. हॉलंडमधल्या आयमाउडनच्या प्रायोगिक भट्टीत वायूबरोबर हलकं तेल, जड तेल, इतकंच काय दगडी कोळशाची पूडही ज्योतविरहित पद्धतीनं जाळून पाहिलीय. पण फर्नेस ऑइलमध्ये स्वतःचा नायट्रोजन असतो. त्यातून होणारं नॉक्स तापमान उतरवून फारसं जात नाही. गंधक तर जसंच्या तसं धुरात.

साखर कारखान्यांच्या परिसरात बायोगॅस हा चांगला पर्याय. त्यात चाळीसेक टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतोच, म्हणजे इंधन आधीच पातळ करून मिळालं. साध्या बर्नरला ही अडचण वाटते, इथं तो गुण ठरतो. फक्त हायड्रोजन सल्फाइड काढून घ्या, नाहीतर रिक्युपरेटर खाऊन टाकेल. हायड्रोजन जाळता येतो, पण तो इतका उतावळा की जास्त वायू फिरवावा लागतो.

मीटरवर नॉक्स कमी दाखवतंय. पास का?

आधी ऑक्सिजन बघा. जास्तीची हवा सोडली की धूर पातळ होऊन नॉक्सचा आकडा आपोआप घसरतो. म्हणून आकडा ठरावीक ऑक्सिजनला, बहुतेकदा ३ टक्क्यांना, दुरुस्त करतात. मीटरचा आकडा गुणिले १८, भागिले २१ वजा मोजलेला ऑक्सिजन. मीटर १०० पीपीएम दाखवतंय आणि ऑक्सिजन १२ टक्के आहे, तर खरा आकडा २००. एका कोटेशनमध्ये 'नॉक्स ९० पीपीएम' असं ठळक छापलं होतं. कोणत्या ऑक्सिजनला, ते कुठंच नव्हतं. फोनवर विचारलं तर पलीकडं बराच वेळ शांतता.

आणि डोळ्यांवर विसंबू नका. नायट्रिक ऑक्साइडला रंग नसतो. चिमणी स्वच्छ दिसते म्हणजे धूर स्वच्छ असं नव्हे. बाहेर पडल्यावर तोच नायट्रोजन डाय-ऑक्साइड बनतो, छातीला तो वाईट, आणि उन्हात ओझोन तयार करायलाही हातभार लावतो. देशातल्या हवेच्या मानकात त्याची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे.

कार्बन मोनॉक्साइड वाढत नाही का?

नीट जमलं तर नाही. भट्टी ८५० च्या खाली घसरली, किंवा माल गच्च भरून झोताची वाटच अडवली, तर लगेच वाढतो. म्हणून नॉक्स आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही एकत्र मोजा. एक खाली, दुसरा वर असेल तर तुम्ही मघाच्या त्या मधल्या वाईट पट्ट्यात आहात. माल रचण्याची पद्धत बदलून बघा. बर्नरला शिव्या नंतर घाला.

खर्च किती आणि किती दिवसांत फिटतो?

आकडा मी देणार नाही, तो भट्टीगणिक बदलतो. वरचा ५१-७५ चा हिशेब स्वतःच्या गॅसबिलाला लावा. पण आधी तुमचं ५१ खरंच ५१ आहे का ते बघा. दार नीट लागत नसेल तर ते ३५ असेल, आणि मग नवा बर्नरही गळक्या घागरीतच पाणी भरेल.

आम्ही व्हीटीयूचे (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे) विद्यार्थी. प्रोजेक्टला हा विषय घेऊ का?

घ्या. पण आख्खा बर्नर बनवायच्या फंदात पडू नका. विटांचा लहान कोठा, एलपीजीची एक नळी, हवेच्या दोन, आणि हवा तापवायला इलेक्ट्रिक हीटर. एवढ्यावर झोताचं अंतर बदलून नॉक्स आणि तापमान कसं हलतं ते मोजलं तरी चांगलं काम होईल. संगणकावर गणित करायचं असेल तर आधी ऑस्ट्रेलियातल्या डॅली आणि अमेरिकेतल्या बार्लो यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गरम सहझोताच्या प्रयोगाशी तुमचं गणित जुळतं का ते तपासा. त्यात झोताभोवतीचा ऑक्सिजन ३, ६ आणि ९ टक्के असा बदललाय. ज्वलनाचं साधं प्रारूप इथं हमखास फसतं, कारण ज्योतीचा पातळ पडदाच नसतो. तो पडदा गृहीत धरलात तर उत्तर सुंदर येईल आणि चुकीचं येईल.

हत्तरगीला विमानांचे भाग बनतात म्हणून काही जण विचारतात, विमानाच्या इंजिनात हे का नाही? जागा आणि वेळ. इंजिनात वायूला काही मिलिसेकंद मिळतात, भट्टीत त्याच्या कितीतरी पट. प्रयत्न चालू आहेत, पण अवघड आहे.

विक्रेता म्हणतो त्याचा बर्नर ज्योतविरहित आहे. ओळखायचं कसं?

तीन गोष्टी मागा. भट्टी तापलेली असताना डोकावायच्या काचेतून बघू द्या: निळी जीभ दिसली तर नाही. हवा आणि इंधन अतिशय पातळ झाल्यावर काही वेळा फिकट हिरवट झाक दिसते, ती चालेल. दुसरं, पद्धत बदलताना यूव्ही सिग्नल पडतो का बघा. तिसरं, पद्धत बदलण्याआधी आणि नंतर, त्याच गॅसवर, दुरुस्त केलेला नॉक्स मोजून घ्या. फरक डोळ्यांत भरण्याइतका हवा. थोडासाच कमी झाला असेल तर तो कमी नॉक्सचा साधा बर्नर आहे. वाईट नव्हे, पण त्याचे पैसे वेगळे.

ठीक. उद्या सकाळी पहिलं काय करू?

बर्नरच्या आधी दार. भट्टीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असायला हवा, म्हणजे फटीतून थंड हवा आत यायची नाही. ती आत आली की फिरणारा वायूही थंड होतो आणि ऑक्सिजनही वाढतो, ज्योतविरहित ज्वलनाची दोन्ही बाजूंनी वाट लागते. एक लांब चिमटा घ्या, त्यात उदबत्ती लावा आणि दाराच्या चारी कडांना, मग डोकावायच्या भोकाला आणि थर्मोकपलच्या भोकाला सावकाश फिरवा. धूर जिथं आत वळेल तिथं खडूनं खूण करा. खुणा मोजा, सिरॅमिक दोर आणा, डॅम्पर (चिमणीकडं जाणारा धूर अडवणारी झडप) थोडा आवळा आणि पुन्हा उदबत्ती फिरवा. कोटेशन तोवर टेबलावर राहू दे.